डॅफोडिल्स : कवितेतील आणि रोजनिशीतील
वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल्सवरील कविता वसंतवर्णन म्हणून शिकविण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे तेच केले. परंतु ही फुले कवीने १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराकाठी पाहिली, तेव्हा भगिनी डोरोथी त्याच्यासमवेत होती. तिच्या रोजनिशीत त्या दिवसाचा सोसाट्याचा वारा आहे. दगडांवर माना टेकून विसावलेली, जणू थकलेली फुलेही आहेत. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या कवितेत मात्र कवी एकटा आहे, वाऱ्याची झुळूक झाली आहे आणि थकलेले फूल एकही उरलेले नाही.

आठवणीतून घडलेल्या काव्याला ही निवड शोभते. शिवाय इंग्रज वाचकाला वगळलेले सारे ठाऊकच असते. तेथे थंडी पुरती सरण्यापूर्वी, बहुतेक वृक्ष निष्पर्ण असतानाच ही फुले उमलतात. म्हणूनच त्यांचे एवढे अप्रूप. आपला वसंत उन्हाळ्याच्या उंबरठ्यावर येतो. आपल्या विद्यार्थ्याला ते अप्रूप कोठून कळावे? यास्तव वर्गात आधी डोरोथीची नोंद सांगावी आणि मग कविता वाचावी, असे मला वाटते. त्या फुलांचा आनंद किती कष्टाने लाभलेला आहे, हे त्यावाचून त्याला उमगणार नाही.