कच्च्या आवाजाची घडण

२४ सप्टेंबर १९९१ रोजी निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा डीजीसी कंपनीने सुरुवातीला जेमतेम ४६ हजार प्रती दुकानांत पाठवल्या होत्या. ११ जानेवारी १९९२ च्या बिलबोर्ड यादीत मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला खाली सारून तो पहिला आला. या यशाची कथा बहुधा अशी सांगतात: सिअ‍ॅटलच्या बाजूची तीन पोरे आपला कच्चा आवाज घेऊन आली आणि गुळगुळीत संगीताचे राज्य संपले. कथा मोहक आहे. पण अल्बम लक्षपूर्वक ऐकला की ती डळमळू लागते.

मे-जून १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइसच्या साउंड सिटी स्टुडिओत निर्माता बुच व्हिगने हे ध्वनिमुद्रण केले. एकच ओळ दोनदा गाऊन आवाजावर आवाज चढवणे कर्ट कोबेनला लबाडी वाटे. जॉन लेननही असेच करायचा, हे सांगून व्हिगने त्याला राजी केले. म्हणजे आपल्याला एका फाटक्या गळ्यातून थेट आलेला वाटणारा आवाज पुष्कळदा थर देऊन घडवलेला आहे. पुढे मिक्सिंग अँडी वॉलेसने केले. स्लेयरसारख्या बँडबरोबरचे त्याचे काम पाहून ही निवड झाली होती, आणि रेडिओला मानवेल असा भरीवपणा आला तो त्याच्यामुळे. एमटीव्हीने उरलेले काम केले.

मात्र या अल्बमची खरी परीक्षा ‘समथिंग इन द वे’ या शेवटच्या शांत गाण्यात आहे. सगळ्या बँडसह ते जमेना. तेव्हा कोबेन कंट्रोल रूममध्ये आला, कोचावर आडवा झाला आणि गाणे कसे हवे ते जवळजवळ कुजबुजत म्हणून दाखवू लागला. व्हिगने फोन बंद केले, तिथेच मायक्रोफोन लावले आणि तसेच मुद्रण केले. गिटार नेहमीच्या पट्टीत नव्हती, त्यामुळे मागाहून चेलो बसवताना वादकाची कसोटी लागली. एरवी ड्रम्स बडवणाऱ्या डेव्ह ग्रोलला हात आवरून वाजवावे लागले. कच्चेपणा जपायलाही इतकी कारागिरी लागते!

नंतर कोबेनने हा अल्बम फार चकचकीत झाल्याची तक्रार केली. ती निव्वळ ढोंग म्हणून उडवून लावणे मला पटत नाही. काही गाण्यांत ड्रम्सवर चढवलेली झळाळी आज खरोखर खटकते. पण हळू आणि कर्कश यांतला झोका, जो आपण पिक्सीजकडून उचलला असे कोबेन मोकळेपणाने सांगे, तो एवढ्या स्वच्छ मुद्रणाशिवाय दूरच्या श्रोत्यापर्यंत पोहोचला असता असे वाटत नाही.

१९९३ च्या ‘इन युटेरो’साठी त्याने मुद्दाम स्टीव्ह अल्बिनीला गाठले. झळाळी टाळण्याबद्दल त्याची ख्यातीच होती. तरी ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ आणि ‘ऑल अपॉलॉजीज’ ही दोन गाणी प्रसिद्धीआधी स्कॉट लिटकडून पुन्हा मिक्स करून घेतली गेली.