वेताळाचा परतीचा प्रवास : भयकादंबरी, रूपांतर आणि स्वस्त ई-पुस्तके

गेल्या दिवाळीत भाची गंगाखेडला आली, तेव्हा ती दिवसभर मोबाइलवर इंग्रजी कादंबरी वाचत होती. मी विचारले तर म्हणाली, "मामा, रक्त पिणाऱ्या देखण्या पोराची प्रेमकथा आहे. मालिकेचा पहिला भाग फुकट आहे, पुढचे विकत." ती गेल्यावर तो फुकटचा भाग मीही उतरवून घेतला आणि दोन रात्रींत वाचून काढला. कादंबरी बेताची होती. पुढचा भाग मात्र मी सवलतीची वाट पाहून विकत घेतला. पहिला भाग फुकट ठेवणाऱ्याचा हिशेब बरोबर निघाला.

त्या दिवसापासून मला दोन गोष्टींचा नाद लागला. या अतींद्रिय कादंबऱ्या कोठून आल्या ते शोधायचे आणि त्या कमीत कमी पैशांत मिळवायच्या. दोन्ही शोध एकमेकांत गुंतलेले आहेत हे हळूहळू ध्यानात आले. कोणत्या कथेचा माग काढता येतो आणि कोणत्या कथेचा नाही, हे पुष्कळदा तिच्या किमतीवर ठरते. हा लेख त्याबद्दल आहे.

रक्तपिपासू सरदाराला जगभर नाव मिळवून देणारी ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' 1897 ची. तिच्याआधी 27 वर्षे, 1870 मध्ये, रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाने लंडनमध्ये एक पुस्तक काढले, 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. नाव वाचून मी थबकलो. हा व्हॅम्पायर म्हणजे आपला वेताळ! पंचवीस कथांपैकी अकराच बर्टनने घेतल्या आणि त्याही आपल्या मनाप्रमाणे फुलवल्या. वेताळ रक्त पीत नाही, तो प्रेतात शिरून बोलतो. पण इंग्रज वाचकाला कळेल असा शब्द हवा म्हणून त्याने तो वापरला. बर्टनच्या वेताळातून स्टोकरचा ड्रॅक्युला निघाला असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की 'परदेशी भुतांचे फॅड' म्हणून आपण ज्याला नाके मुरडतो, त्या कपाटात आपला माणूस फार आधीपासून जाऊन बसलेला आहे.

हा माणूस अगदी आपल्या घराजवळचा. बर्टनचा विक्रम उज्जैनचा आहे. पण अकराव्या शतकातल्या काश्मिरी सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त वेताळाला खांद्यावर घेणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. पैठणचे पाणी वाहत गंगाखेडला येते. आमच्या गावाची ओळख संत जनाबाईंचे जन्मगाव अशी आहे आणि ती योग्यच आहे. पण याच नदीवर, थोडे वरच्या अंगाला, भारतातल्या सर्वांत प्रसिद्ध भूतकथेचे स्मशान होते, हे आमच्याकडे कोणी सांगत नाही. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' 1830 ची. म्हणजे आपल्या छापील गद्याच्या अगदी पहिल्या पिढीत वेताळ आहे. तरीही वाङ्मयेतिहासात भयकथेला जागा मिळते ती पंगतीच्या शेवटच्या पानावर.

आता आधुनिक काळाकडे येतो. मराठीत या प्रकारातले सर्वांत मोठे नाव नारायण धारप (1925–2008). शंभराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाबद्दल समीक्षकांनी लिहिले कमी आणि जे लिहिले त्यात 'उचल' हा शब्द जास्त. जाणत्या वाचकांनी फार पूर्वीच ओळखले होते की 'लुचाई'च्या मागे स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' आहे आणि 'शपथ'च्या मागे 'इट'. पूर्वी हा आरोप ऐकून घेण्यापलीकडे आम्हा तालुक्याच्या वाचकांना काही करता येत नव्हते. किंगचे इंग्रजी पुस्तक येथे आणणार कोण? आता सवलतीच्या दिवशी ते ई-पुस्तक पुरीभाजीच्या भावात मिळते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून मी वाचू शकलो, तेव्हा आरोप अर्धा खरा आणि अर्धा आळशी वाटला.

मी एकच प्रश्न घेऊन वाचत गेलो : अमंगलाशी लढतो कोण आणि कोणाच्या बळावर?

वेताळकथेत राजा लढतो तो विवेकाच्या बळावर. उत्तर माहीत असून बोलला नाही तर डोक्याची शकले होणार, बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. तेथे मंत्राहून न्यायबुद्धी मोठी. 'सेलम्स लॉट'मध्ये धर्मगुरू कॅलहान पिशाचासमोर क्रूस धरतो. क्रूस फेकून नुसत्या श्रद्धेवर उभा राहा, असे आव्हान आल्यावर त्याचे धैर्य खचते आणि हातातला क्रूस विझतो. अमेरिकेतल्या लहान गावातल्या चर्चवरची ती कडवी टीका आहे. हा प्रसंग मराठी गावात जसाच्या तसा आणता येत नाही. आपल्याकडे चर्चसारखी एक संस्था नाही. पुजारी, भगत, देवऋषी, कीर्तनकार हे सगळे वेगवेगळे, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही हातात ती सर्वमान्य सत्ता नाही. रूपांतर करणाऱ्याला येथे स्वतःचे काहीतरी घालावेच लागते.

धारपांनी काय घातले, ते त्यांच्या 'समर्थ' मालिकेत सर्वांत स्पष्ट दिसते. तेथे बळ संस्थेत नाही, एका माणसाच्या साधनेत आहे. ती गोष्ट सांगणारे अप्पा हे तुमच्याआमच्यासारखे संसारी गृहस्थ. गुरू, शिष्य, साधना आणि साध्या मराठी घरात अचानक उघडणारे अनोळखी दार, ही चौकट किंगकडून आलेली नाही. ती आपल्या गुरुचरित्राच्या सप्ताहांतून, नाथपंथी कथांतून आलेली आहे. उचल म्हणणाऱ्यांनी कथानकाची हाडे मोजली, पण त्यांत श्वास कोणता फुंकला आहे ते पाहिले नाही.

पण जे खटकते तेही सांगितले पाहिजे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात असलेले माझे एक मित्र म्हणतात की असल्या कादंबऱ्या भोंदूबाबांची जमीन नांगरून देतात. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तो करण्यासाठी केवढी किंमत मोजावी लागली ते आपण जाणतो. तेव्हा हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. माझे उत्तर असे : कादंबरी वाचणारा ती कादंबरी आहे हे जाणतो, भोंदूकडे जाणाऱ्याला ती सोय नसते. तरीही समर्थांसारखा सर्वज्ञ तारणहार आला की वाचकाला विचार करायचे काम उरत नाही. वेताळ प्रश्न विचारायचा. समर्थ उत्तर देतात. गोदाकाठच्या जुन्या कथेपेक्षा आधुनिक मराठी भयकादंबरी येथे एक पायरी खाली उतरली, असे माझे मत झाले आहे. धारपांवर टीका करायची तर ती या मुद्द्यावर व्हायला हवी होती. ती झाली नाही, कारण टीकाकारांनी पुस्तकेच नीट वाचली नाहीत.

उचल या शब्दाची दुसरी बाजू एका नावाच्या प्रवासातून समजते. अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्स याच्या 1891 च्या एका छोट्या कथेत हायटा नावाचा मेंढपाळ 'हास्टुर' या देवाची प्रार्थना करतो. हा देव मेंढपाळांचा, दयाळू. 1895 मध्ये रॉबर्ट चेंबर्सने ते नाव आपल्या 'द किंग इन यलो'मध्ये घेतले. पुढे लव्हक्राफ्ट आणि त्याच्या वर्तुळातल्या लेखकांच्या हातून तो देव भयंकर शक्ती बनला. 1984 मध्ये किंगच्या 'ग्रामा' या कथेत अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ एकट्या राहिलेल्या मुलापर्यंत ते नाव पोचले. त्या कथेवरून धारपांची 'आजी' झाली. राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (2018) या चित्रपटाची ठिणगी धारपांच्या कथेतून पडली, आणि त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण देणारे. तेथे हास्टुरचा 'हस्तर' झाला : समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा, सोने मिळाले तरी अन्नाला वंचित झालेला, कणकेच्या बाहुलीसाठी झेपावणारा. मेंढपाळाचा अमेरिकन देव कोकणातल्या वाड्याच्या पोटात भुकेला होऊन बसला!

ही साखळी उचलेगिरीची म्हणायची की परंपरेची? प्रत्येक कडीने मागच्याकडून घेतले आणि स्वतःचे काहीतरी घातले. 'तुंबाड'ने घातलेली अन्न आणि सोने यांची फारकत मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ती ज्या मातीत भूक आठवणीत आहे त्याच मातीतून येऊ शकते. मात्र मागच्या कडीचे नाव सांगणे हे कर्ज आहे. ते जिथे फेडले नाही, तिथे आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

आता किमतीकडे वळतो. ही साखळी तपासताना बिअर्स, चेंबर्स, स्टोकर, बर्टन मला प्रोजेक्ट गुटेनबर्गवर एक पैसाही न देता मिळाले. किंग सवलतीत मिळाला. धारपांच्या बऱ्याच कादंबऱ्या आपल्याच मराठवाड्यातल्या साकेत प्रकाशनाने पुन्हा छापल्या, हे त्या प्रकाशनाचे ऋण. अडचण यानंतर सुरू होते. धारपांच्या आजूबाजूला लिहिणारे, स्वस्त कागदावर पातळ कादंबऱ्या काढणारे, भाड्याच्या वाचनालयांतून फिरणारे लेखक कुठे आहेत? माझ्या लहानपणी त्या पुस्तकांना पुठ्ठ्याचे वेष्टन आणि आतल्या पानावर तारखांचे शिक्के असत. त्यांतली पुष्कळ पुढे रद्दीत किलोवर गेली. एका वाचनालयाने जीर्ण पुस्तके काढून टाकली तेव्हा मी पोचेपर्यंत गोणी तराजूवर चढली होती. 1891 मधला अमेरिकन मेंढपाळ मिनिटात माझ्या हातात येतो, आणि चाळीस वर्षांपूर्वीचा मराठी मुंजा शोधूनही सापडत नाही. म्हणूनच तुलना नेहमी एका बाजूने होते. मूळ इंग्रजी मिळते, त्यामुळे काय घेतले ते सिद्ध होते. मराठी मिळत नाही, त्यामुळे काय घातले ते सिद्ध होत नाही.

मराठी ई-पुस्तकांची वाट अलीकडची आहे. बुकगंगासारख्या मराठी संकेतस्थळांनी ती आखली. किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे 2016 च्या डिसेंबरात आली. ई साहित्य प्रतिष्ठान तर मराठी पुस्तके विनामूल्य वाटते. करात मात्र विसंगती राहिली. छापील पुस्तकाला वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकावर आधी 18 टक्के होता, तो 2018 च्या जुलैत 5 टक्के केला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच ई-पुस्तकासाठी. म्हणजे छपाईला पैसे नसलेला नवा लेखक ज्या वाटेने येणार, तीच वाट त्या निर्णयाने महाग ठेवली.

स्वस्त ई-पुस्तक म्हणजे पुस्तक आपल्या मालकीचे झाले, असेही समजू नये. 2009 मध्ये अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून ऑर्वेलची '1984' परस्पर काढून घेतली होती. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, कंपनीने माफीही मागितली. पण विकलेले पुस्तक घरातून उचलता येते हे जगाला कळले. म्हणून सवलतीच्या ई-पुस्तकावर संशोधनाची भिस्त ठेवता येते, जतनाची नाही.

सोमदेवाने आपल्या ग्रंथाच्या आरंभी गुणाढ्याची गोष्ट सांगितली आहे. गुणाढ्याने पैशाची भाषेत, म्हणजे पिशाचांच्या बोलीत, सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाने भाषा हलकी म्हणून ती परत पाठवली. गुणाढ्य रानात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकत गेला. राजा धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळले होते. उरलेल्या एका लाखातून वेताळ आपल्यापर्यंत आला, असे परंपरा मानते. हलकी भाषा, हलका विषय, म्हणून नाकारणे आमच्या नदीकाठी जुने आहे.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. माळ्यावर, ट्रंकेत, आजोळी एखादी जुनी भयकथेची किंवा गूढकथेची मराठी पुस्तिका असेल, तर रद्दीवाल्याला देण्यापूर्वी तिच्या मुखपृष्ठाचे आणि आतल्या पहिल्या पानाचे छायाचित्र काढून ठेवा. लेखक, छापखाना, साल आणि किंमत एवढे जरी दिसले, तरी पुढच्या अभ्यासकाला धागा मिळेल. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे असतात, तेव्हा पूर्ण पुस्तक परस्पर वाटू नका. ते हयात असतील तर त्यांना विचारा. पुष्कळांना आपल्या वडिलांचे पुस्तक कोणी शोधते आहे हेच माहीत नसते. यंदाच्या दिवाळीत भाची येईल तेव्हा तिला बर्टनचे फुकटचे पुस्तक दाखवणार आहे, आणि त्यातला राजा मूळचा कुठला तेही सांगणार आहे.