‘द मालदिव्ह मिस्टरी’ : गूढ कसले?

थोर हेयरडाल यांचा ‘द मालदिव्ह मिस्टरी’ हा ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध झाला. मालदीवच्या चिमुकल्या बेटांवरील प्राचीन अवशेषांकडे जगाचे लक्ष वेधण्याचे श्रेय या ग्रंथास निःसंशय द्यावे लागेल. बेटाबेटांवर उतरून, झाडीत दडलेले पोवळ्याच्या दगडांचे ढिगारे त्यांनी स्वतः पाहिले. परंतु त्या पाहण्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष अभ्यासकास मान्य होण्यासारखा नाही.

तेथील बौद्ध काळ हेयरडाल नाकारीत नाहीत. मात्र त्याच्या मुळाशी सूर्यपूजक दर्यावर्दी होते, असे ते मानतात. आधार कोणता? वास्तूंची दिशांशी जुळणी, दगडांवरील वर्तुळाकृती आणि ‘रेदिन’ नावाच्या लोकांविषयीची दंतकथा. परंतु चार दिशांना अनुसरून रचना करणे हे तर स्तूपाचेच लक्षण होय. आणि दगडावरील प्रत्येक वर्तुळ म्हणजे सूर्य, असे गृहीत धरल्यास कमळ व चक्र यांना जागाच उरत नाही. साम्य हा शोधाचा आरंभ असू शकतो, पुरावा नव्हे.

वास्तविक पुरावा हाताशी होता. एच. सी. पी. बेल यांनी १९२२ साली हद्दुन्मती प्रवाळद्वीपसमूहातील गन बेटावर उत्खनन करून तेथील ‘हवित्ता’ म्हणजे स्तूप होय, हे दाखविले. त्याच समूहातील इसधू हे एक लहानसे बेट. तेथेही मोठा हवित्ता आहे. इसधूचा ताम्रपट, म्हणजे ‘लोमाफानु’, बाराव्या शतकाच्या अखेरचा. मशिदीच्या व्यवस्थेसाठी कोरलेल्या या राजशासनातच तेथील भिक्खूंना मालेला नेऊन त्यांचा शिरच्छेद केल्याची नोंद आहे. इस्लामचा स्वीकार परंपरेने ११५३ सालचा मानतात. म्हणजे त्यानंतरही या दूरच्या बेटावर संघ नांदत होता. या ताम्रपटाचे संपादन हसन अहमद मणिकू व जी. डी. विजयवर्धन यांनी कोलंबोहून प्रसिद्ध केले, तेही १९८६ सालीच! त्या वर्षी एका ग्रंथाने गूढ सांगितले, दुसऱ्याने साक्ष दिली. जगाने पहिलाच अधिक वाचला.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हटले गेले, तेव्हा दगड जागेवरच राहिले. हरवली ती त्यांची ओळख. मालदीवमध्ये तर वस्तूही उरल्या नाहीत. ७ फेब्रुवारी २०१२ रोजी मालेच्या राष्ट्रीय संग्रहालयात शिरलेल्या जमावाने इस्लामपूर्व काळातील जवळजवळ सर्व मूर्ती फोडल्या. त्याचा दोष अवघ्या समाजाच्या माथी मारणे धम्माला धरून होणार नाही; ताम्रपट वाचणारे मणिकू त्याच समाजातले.

मूर्ती गेल्यावर उरतात त्या नोंदी. म्हणूनच त्या नेमक्या असाव्या लागतात. स्तूपाला स्तूप म्हणणे, हे अशा वेळी अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते.