बाजार समितीची कादंबरी कुठे आहे?

नवीन जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की आडतीवर भावापाठोपाठ राजकारणाच्या गप्पा रंगतात. कोणाचं पॅनल पडणार, कोणता संचालक फुटला, कोणाच्या सोसायटीचं कर्ज थकलं. बाजार समितीच्या अठरा जागांपैकी अकरा सोसायट्यांच्या मतांवर ठरतात. तालुक्याच्या नेतृत्वाची जडणघडण इथे होते, आणि मराठी राजकीय कादंबरी इथवर क्वचितच पोचली आहे.

अरुण साधूंची ‘सिंहासन’ १९७७ ची. सत्तेचा तो पट आजही ताजा वाटतो, पण तो मुंबईचा आहे, पत्रकाराच्या नजरेतून दिसलेला. सत्तेला जिल्ह्याच्या मातीत उतरवलं ते रंगनाथ पठारे यांनी. १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली त्यांची ‘ताम्रपट’ मला या परंपरेतली सर्वांत मोठी कादंबरी वाटते. स्वातंत्र्यलढ्यातली माणसं पुढे सहकारात आणि शिक्षणसंस्थांत कशी बदलत गेली, हे तिच्याइतक्या धीराने कोणी लिहिलेलं नाही. नंतर राजन गवसांची ‘तणकट’ आली, सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ आली. दोन्ही अस्सल, पण त्यांत पुढारी दिसतो तो त्याची झळ सोसणाऱ्याच्या बाजूने. मराठवाड्यातल्या गावसत्तेच्या सर्वांत जवळ गेले आसाराम लोमटे. त्यांचा ‘आलोक’ मात्र कथासंग्रह आहे. निवडून येणाऱ्या माणसाची आतली घालमेल, त्याची देणी, त्याची भीती अजून कादंबरीत यायची आहे.

जालन्यात अशा आयुष्यांची वाण नाही. अंकुशराव टोपे १९९१ मध्ये खासदार झाले, समर्थ साखर कारखान्यामागे ते उभे राहिले. मुलगा राजेश कोरोनाकाळात राज्याचा आरोग्यमंत्री होता. रावसाहेब दानवे १९९० मध्ये भोकरदनचे आमदार, १९९९ पासून सलग पाच वेळा खासदार, मग रेल्वे राज्यमंत्री. आणि २०२४ मध्ये कल्याण काळे यांच्याकडून पराभव. अशा चढउतारांवर आपल्याकडे निघतो तो गौरवग्रंथ. नेत्याने स्वतः लिहिलं तरी हात आखडतोच. यशवंतराव चव्हाणांचं आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ इतकं नितळ, पण ते १९४६ पाशी थांबतं, म्हणजे खरी सत्ता हाती येण्याआधी.

अशी कादंबरी न येण्यामागचं कारण लेखकांना पुरेपूर ठाऊक आहे. इथला लेखक बहुधा प्राध्यापक किंवा शिक्षक असतो, संस्था कुणा पुढाऱ्याची असते, आणि साहित्य संमेलनाचा स्वागताध्यक्षही अनेकदा तोच असतो. बदलीची, नेमणुकीची टांगती तलवार असताना संस्थाचालकावर तीनशे पानं कोण लिहिणार?

नाटकाने हे धाडस केलं. जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं, नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ मध्ये आलं आणि जालन्याच्या खेड्यांतली पोरं आपल्याच बोलीत थेट महाराजांच्या नावाने चालणाऱ्या राजकारणावर बोलली. महाराष्ट्रभर प्रेक्षकांनी ते उचलून धरलं. म्हणजे वाचकही नक्की मिळेल. २०२३ च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे अंतरवाली सराटीच्या वाटेवर सगळ्या पक्षांच्या गाड्यांची रीघ लागली. त्या दिवसांत गावच्या सरपंचाला, सोसायटीच्या चेअरमनला, मतदारसंघाच्या आमदाराला एकेक शब्द तोलून बोलावा लागत होता. त्या तोलण्यापासून कादंबरी सुरू करता येते.