खेळण्यातील माकड आणि शिलोहाचा बुरूज

स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाची ‘द मंकी’ ही कथा १९८० साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून ऑझगुड पर्किन्स यांनी काढलेला त्याच नावाचा चित्रपट २०२५ साली पडद्यावर आला. त्यात रक्तपाताची इतकी रेलचेल आहे की, आपल्यापैकी पुष्कळांना तो अर्ध्यावरच सोडावासा वाटेल. शिवाय त्या रक्तपातास प्रेक्षकाने हसावे, अशीही योजना आहे. तथापि धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी त्याची दखल घ्यावी, असे मला वाटते.

हॅल व बिल या जुळ्या भावांना परागंदा पित्याच्या सामानात ढोल वाजविणारे एक माकड सापडते. किल्ली फिरविली आणि ढोल वाजला की कोणीतरी मरते. बिलच्या छळाला कंटाळून, तो मरावा या इच्छेने हॅल किल्ली फिरवितो. मरते मात्र त्यांची आई. माकड कोणाचे मागणे ऐकत नाही.

पर्किन्स यांचे वडील, अभिनेते अँथनी पर्किन्स, १९९२ साली वारले. आई बेरी बेरेन्सन ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळविलेल्या विमानात होत्या. हे ध्यानात घेतले म्हणजे या हास्याखालील वेदना कळते. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभू स्पष्ट सांगतो. मृत्यूवरून मृताच्या पापाचा हिशेब मांडू नये, एवढे हा चित्रपटही जाणतो. हे त्याचे बळ होय.

उणीव दोन ठिकाणी दिसते. प्रभूने त्या मृतांची संख्या सांगितली. चित्रपटातील बहुतेक मृतांना मात्र चेहराच नाही. आईचा मृत्यू तेवढा मनाला लागतो, बाकीचे केवळ हशासाठी मरतात. दुसरे असे की, अखेरीस फिकट घोड्यावरील स्वार दिसतो. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात त्या स्वारास अधिकार दिलेला आहे, आणि तोही पृथ्वीच्या चौथ्या भागापुरता. शिक्का फोडतो तो वधलेला कोकरा. चित्रपटाने स्वार घेतला, कोकरा वगळला. म्हणून सर्वांनाच मरायचे आहे, तेव्हा नाचून घ्यावे, हाच त्याचा शेवटचा शब्द ठरतो. शोकमग्न माणसाला तो एक संध्याकाळ पुरेल, त्यापुढे नाही.

परंतु आपल्याला खरा बोचतो तो अंत्यविधीचा प्रसंग. एक नवखा धर्मगुरू शवपेटीपुढे काहीबाही बरळतो आणि प्रेक्षक हसतात. ते हसू आपल्यालाच आहे. अपघातात मूल गमावलेल्या मातेला ‘देवाची इच्छा’ एवढेच सांगून मीही घराबाहेर पडलो आहे. त्या शब्दांनी आपण देवालाच किल्लीचे माकड करून ठेवतो, हे मला तेव्हा उमगले नाही. लाजराच्या कबरेपाशी प्रभू प्रथम रडला. निदान तेवढा वेळ तरी आपण त्या घरात बसावे.