‘थोडं हार्डनर’ म्हणजे किती? गाडीच्या फायबरच्या व्हिडिओंचं परीक्षण

पेपर कसा वाचायचा यावर लिही, असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणत होतात. आज वाचायला पेपर घेतलेला नाही. गाडीच्या आतला डॅशबोर्ड, डोअर पॅड किंवा स्पीकरचा खोका फायबरग्लासमध्ये घरच्या घरी करून रंगवायला शिकवणारे व्हिडिओ घेतलेत. मी वीसेक तरी पाहिले. हसू नका, यातला प्रत्येक व्हिडिओ म्हणजे एक ‘मेथड्स सेक्शन’च असतो.

झालं असं, की इचलकरंजीकडे माझ्या मामेभावाचं गाड्यांच्या ऑडिओचं छोटं दुकान आहे. त्यानं स्वतःच्या जुन्या ओम्नीवर हात साफ करायला घेतला. थर्माकोल कापून आकार दिला आणि त्यावर रेझिन ओतलं. थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळून खाली बसला. दुसऱ्या वेळी लाकडी चौकट केली, तर पृष्ठभाग दोन दिवस चिकटच राहिला. तिसऱ्या वेळी त्यानं हार्डनर वाढवलं, आणि हातातला प्लास्टिकचा मग धुरायला लागला. तेव्हा त्यानं फोन केला, “ताई, तुझी पीएचडी ह्याच्यातच हाय न्हवं? मग सांग की!”

माझं संशोधन रेझिन घट्ट होण्याच्या वेगावर आहे, हे खरं. पण मी डीएससीच्या यंत्रात ॲल्युमिनियमच्या इवल्याशा डबीत दहा मिलिग्रॅम नमुना ठेवते. त्याच्या मगात दोनशे ग्रॅम होतं, म्हणजे माझ्या वीस हजार पट. माझ्या डबीतली उष्णता लगेच निघून जाते. त्याच्या मगात ती आतच कोंडते, तापलेलं रेझिन आणखी वेगानं घट्ट होतं आणि आणखी तापतं. तापमान शंभराच्या वर सहज जातं. माझ्या आलेखांत हा मग कुठेच नव्हता. त्या दिवशी जरा ओशाळल्यासारखं झालं.

आता व्हिडिओंकडे येऊ. आधी कौतुक, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. बहुतेक जण वापरतात ती युक्ती अशी: स्पीकरची एमडीएफची कडी हवी तिथे काठ्यांनी उभी करायची, तिच्यावरून ताणलं जाणारं फ्लीसचं कापड चौकटीपर्यंत ओढून स्टेपल करायचं आणि त्यात रेझिन जिरवायचं. साच्याशिवाय, एका संध्याकाळी गुळगुळीत वळणदार आकार तयार. मागून मॅटचे थर, पुढून पुट्टी, मग पॉलिश पेपर. हाताची ही कामं व्हिडिओत इतकी नीट दिसतात की आपल्या पेपरांना लाज वाटावी. पुट्टी कोणत्या घडीला खरवडायची, तळवा फिरवून उंचवटा कसा ओळखायचा, हे कुठल्याही जर्नलमध्ये सापडणार नाही.

पण असे सगळे डोअर पॅड एकसारखेच का दिसतात, याचा विचार केलाय? ताणलेल्या कापडाला आतून हवेचा दाब नसेल तर त्याला घुमटाचा आकार घेताच येत नाही. एका दिशेला ते बाहेर वळलं, तर दुसऱ्या दिशेला आत वळावंच लागतं, घोड्याच्या खोगिरासारखं. म्हणून प्रत्येक गाडीत तीच ताणलेल्या कातडीसारखी, कडीपाशी वर ओढलेली पृष्ठं दिसतात. कारागीर त्याला ‘माझं डिझाइन’ म्हणतो, पण निम्मं डिझाइन कापडानं ठरवलेलं असतं. खरा बाक हवा असेल तर पुट्टीनं भरा किंवा मातीचं मॉडेल करून साचा काढा. हे सांगणारा व्हिडिओ मला एकच भेटला.

आता तक्रार. ‘थोडं हार्डनर घाला’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की स्वप्नात येईल. पॉलिएस्टर रेझिनला हे हार्डनर, म्हणजे मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड, वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के लागतं. दोनशे ग्रॅमला दोन ते चार ग्रॅम. दोनशे रुपयांचा स्वयंपाकघरातला काटाही हे मोजताना चाचपडतो, आणि व्हिडिओत ते बाटलीतून अंदाजानं पडतं. वर खोलीचं तापमान कुणीच सांगत नाही. गार गॅरेजमध्ये जे प्रमाण चाललं, ते आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली मग पेटवू शकतं. आणि व्हिडिओवाले त्याला ‘कॅटलिस्ट’ म्हणतात, तेही चूक. कॅटलिस्ट संपत नाही, हे संपतं. हा इनिशिएटर आहे. तुम्हाला हा शब्दच्छल वाटेल, पण मामेभावाची चूक नेमकी इथूनच निघाली: कॅटलिस्ट वाढवलं की काम लवकर होणार. त्याचा पृष्ठभाग चिकट होता तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे. वरच्या थरातली साखळी ऑक्सिजन तोडतो. त्यावर उपाय म्हणजे मेण घातलेलं रेझिन, किंवा वरून प्लास्टिकची फिल्म. हार्डनर कितीही ओतलं तरी ऑक्सिजन हटत नाही.

थर्माकोलचं कोडं तर बारावीचं. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. त्यानं पाहिलेल्या व्हिडिओत फोमच होता, पण रेझिन इपॉक्सी होतं. दोन्ही डबे पारदर्शक, दोन्हींना तोंडानं ‘रेझिन’च म्हटलेलं. पेपर वाचताना ‘पॉलिमर सोल्यूशन’ एवढंच लिहिलेलं दिसलं की मला आता हा खाली बसलेला थर्माकोल आठवतो.

दुसरी मोठी खोट: व्हिडिओ रंग मारून, चकाकी दाखवून संपतो. परीक्षा तर त्यानंतर सुरू होते. उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या पुढे जातो. नुसतं खोलीच्या तापमानाला घट्ट झालेलं रेझिन तिथे मऊ पडू लागतं, पुढे घट्ट होताना आणखी आकसतं, आणि मॅटचे तंतू रंगातून वर उमटतात. उरलेलं स्टायरीन आतल्या आत वास सोडत राहतं. शिवाय चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं. कंपन्या तो भाग गडद आणि बिनचमकीचा ठेवतात, ती काटकसर नाही. एका वर्षानं तीच गाडी परत दाखवणारे व्हिडिओ मला जवळजवळ सापडलेच नाहीत.

मास्कबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. स्टायरीनला आयएआरसीनं ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता मोठी’ अशा 2ए गटात ठेवलंय. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की नंतर अगदी थोड्या मात्रेलाही दम्याचा झटका येऊ शकतो. व्हिडिओत माणूस रुमाल बांधून स्प्रे गन चालवतो आणि मागे संगीत वाजतं. ही त्रुटी मी ‘मायनर रिव्हिजन’मध्ये टाकणार नाही.

हे एवढं लिहायचं कारण वेगळंच आहे. ओम्नी जमली म्हणून भावाकडे एक गिऱ्हाईक आलं. गाडी नवी, आणि अख्खा डॅशबोर्ड फायबरनं मढवून लाल रंगात हवा. नव्या गाड्यांत शेजारच्या सीटसमोरही एअरबॅग असते. 2021 मध्ये ती आपल्याकडे बंधनकारक झाली. डॅशबोर्डच्या मागच्या बाजूनं एक शिवण मुद्दाम पातळ केलेली असते, पुढून ती दिसत नाही. धडकेनंतर सेकंदाच्या काही शतांशांत बॅग तिथून फाडून बाहेर येते. त्यावर फायबरचे तीन थर चढवले तर बॅग अडेल, वाकडी उघडेल किंवा काचतंतूंचे तुकडे घेऊन थेट तोंडावर येईल. मी पाहिलेल्या वीसपैकी दोनच व्हिडिओंत एअरबॅग हा शब्द आला.

भावानं ऑर्डर घेतली नाही. चौदा हजार गेले म्हणून तो माझ्याशी आठवडाभर नीट बोलत नव्हता. आता मात्र त्यानं दागिन्यांचा छोटा काटा घेतलाय आणि ओम्नीच्या पॅनेलमागे मार्करनं लिहिलंय: रेझिन 180 ग्रॅम, हार्डनर 2.7, दुपारी 34 अंश. मे महिना संपला की तंतू उमटले का ते बघायला मी जाणार आहे, फोटो इथेच टाकते.