'स्वामी'तले काका-पुतणे

रणजित देसाई कोवाडचे. कोवाड आपल्याला इतकं जवळ, की 'स्वामी'ला नावं ठेवणं म्हणजे माहेरच्या माणसाला बोलल्यासारखंच. तरी यंदा पुन्हा वाचताना जे खटकलं ते लिहितेच.

१९६२ साली आलेल्या या कादंबरीत माधवराव आणि राघोबादादांचं वैर घरातल्या रुसव्याफुगव्यासारखं वाटतं. दादा हलक्या कानाचे, आनंदीबाई कान भरणाऱ्या, की झालं! पण १७६२ च्या नोव्हेंबरात आळेगावला काका-पुतण्यांच्या फौजा भिडल्या, त्या काय नुसत्या मानापानासाठी? दौलत कुणी चालवायची, कारभारी कुणाचा, सरदारांनी कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न होता. उत्तरेत एवढ्या मोहिमा केलेल्या माणसाला कालच्या पोराच्या हाताखाली बसणं जड जाणारच. दादा चुकलेही असतील, पण त्यांचीही एक बाजू होती, तिला मागे माणसं होती, एवढं तरी वाचताना जाणवायला हवं होतं.

रमाबाई सती जातात आणि पुस्तक संपतं. आपण डोळे पुसत ते मिटतो आणि वाटतं, भांडणही त्या चितेवर गेलं. कुठलं हो! माधवराव थेऊरला वारले १८ नोव्हेंबर १७७२ ला; ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. खरी यादवी त्याच्या पुढची, आणि ती बायकांच्या गरोदरपणावर अडली होती. नारायणरावांच्या गंगाबाईंना दिवस गेलेले, म्हणून बारभाईंनी त्यांना पुरंदरावर ठेवलं. एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मले आणि दादांची पेशवाई बुडाली. (मुलगी झाली असती तर?) दादा इंग्रजांच्या आसऱ्याला निघाले, तेव्हा आनंदीबाई धारच्या किल्ल्यात, तिथे जानेवारी १७७५ मध्ये दुसरे बाजीराव झाले. चुलतसासू आणि सून, दोघी वैरी पक्षांच्या, दोघी किल्ल्यात बाळंत.

देसाईंची गोष्ट माधवरावांची, ती १७७२ लाच थांबणार, हे मान्य. पण धोडपच्या लढाईनंतर, १७६८ पासून, दादा पुण्यात कैदेत होते, तो काळ तर त्यांच्याच गोष्टीतला. रमाबाईंना त्यांनी इतक्या मायेने लिहिलं. नवरा कैदेत असलेल्या आनंदीबाईंचे दिवस कसे जात होते, हे कुणी विचारलं? आपण बायका तरी कुठे विचारतो?